सुरुवात काज-बटणापासून

मैत्रिणींनो, मुले थोडी हाताखालून गेली की हल्ली आपल्यापैकी पुष्कळ जणी नोकरी धरतात. कुणी पतपेढीत, कुणी बालवाडीत, कुणी डॉक्टरांच्या दवाखान्यात केसपेपर काढायला. नोकरी मिळेपर्यंत आपल्याला काळजी असते ती मुलाखतीची आणि साडी कोणती नेसावी याची. खरी परीक्षा मात्र हजेरीपटावर नाव लागल्यानंतर सुरू होते. घरात जिच्या शब्दावाचून पान हलत नाही, तिला तिथे टाचण्यांची डबी कुठे आहे हेसुद्धा विचारावे लागते. आणि तेही पंचविशीतल्या एखाद्या मुलीला! मग घशाशी आवंढा येतो आणि वाटते, कशाला पडलो या फंदात?

माझी एक मैत्रीण आहे. बी.कॉम. झालेली, चाळिशीला टेकलेली. गेल्या वर्षी ती एका पतपेढीत लागली. मुलीच्या डिप्लोमाची फी याच पगारातून भरायची असे घरात ठरले होते. पण तिसऱ्याच आठवड्यात तिने राजीनाम्याची भाषा सुरू केली. "अगं, दिवसभर काय, तर भरणा स्लिपा तारखेवार लावायच्या आणि व्हाउचरांचे गठ्ठे बांधायचे. एवढ्यासाठी शिकले का मी? कुणी धड काही शिकवत नाही. विचारलं तर म्हणतात, होईल सवय!" त्यातून यजमानांनी 'मी आधीच सांगत होतो' असा सूर लावलेला.

तिला मी काय सांगितले, ते तुम्हालाही सांगते. जीन लेव्ह नावाच्या एक अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ आहेत. आफ्रिकेतल्या लायबेरिया देशात जाऊन त्यांनी तिथल्या शिंप्यांच्या हाताखालची मुले काम कशी शिकतात ते बारकाईने पाहिले. 1991 साली एटिएन वेंगर यांच्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी ते मांडले आहे. आपल्याला वाटेल, शिवणकाम म्हणजे आधी माप, मग बेतणे, मग शिवणे आणि शेवटी काज-बटण. तिथे शिकण्याचा क्रम नेमका उलटा! नवख्याच्या हाती आधी तयार होत आलेला कपडा येतो. काजे करायची, बटणे लावायची, तुरपाई करायची. मग शिवण. कापडाला कात्री लावणे सर्वांत शेवटी. सुरुवातही टोप्या आणि लहान मुलांच्या चड्ड्यांपासून. सुटाची पाळी शेवटी.

यात मोठे शहाणपण आहे, नाही का? काज चुकले तर उसवता येते, कापड चुकीचे कापले तर ते वायाच गेले. शिवाय बटण लावता लावता अख्खा कपडा हातातून जातो. बाही कुठे जोडली, पट्टी कुठे दुमडली, हे न शिकवता डोळ्यांत भरते. मग पुढे बेतायची वेळ आली की कोणता तुकडा कशासाठी, हे सांगावे लागत नाही.

मैत्रिणीला म्हटले, "तुझ्या स्लिपा म्हणजे तुझी काज-बटणं आहेत. नुसत्या लावू नकोस, वाचून लाव." पंधरा दिवसांनी ती भेटली तेव्हा बोलण्याची तऱ्हाच निराळी. आवर्त ठेव कोण नेमाने भरते, महिनाअखेरीला कुणाचा हप्ता हटकून थकतो, मुदत ठेव मोडताना कोणकोणत्या सह्या लागतात, हे सगळे तिला त्या कागदांतून उमगू लागले होते. काम तेच, टेबल तेच, पाहणारीची नजर तेवढी बदलली होती.

पण बायांनो, प्रत्येक हलके काम म्हणजे शिडीची पहिली पायरी असतेच असे नाही, हेही ध्यानात ठेवा. त्याच पुस्तकात अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांत मांस कापण्याचे काम शिकणाऱ्या उमेदवारांची हकीकत आहे. त्यांना मांस वेष्टनात गुंडाळायच्या यंत्रावर बसवत. कापणारे कसबी कारागीर असत दुसऱ्या खोलीत. गुंडाळणाऱ्याला सुरी कशी चालते ते दिसणार कधी? त्यामुळे मुख्य काम शिकणेच अवघड होऊन बसे.

म्हणून मी एक साधी कसोटी सांगते. मी बसते तिथून मुख्य काम मला दिसते का, ऐकू येते का? येत असेल तर काम हलके म्हणून रुसू नका. तीन-चार महिने लोटले तरी दिसत नसेल, तर वरिष्ठांना नीट शब्दांत म्हणा, "आठवड्यातून एक दिवस मला रोखपालांच्या शेजारी बसू द्याल का?" शिकायला मागण्यात कमीपणा नाही.

आता दुसरी गोष्ट. प्रत्येक घराची जशी एक रीत असते तशी कचेरीचीही असते. ती फळ्यावर लिहिलेली नसते. चूक झाल्यावर तिथली माणसे काय करतात, त्यावरून ती ओळखावी. मैत्रिणीच्या कचेरीत संध्याकाळी रोकड जुळली नाही की ग्राहकांदेखत आरडाओरडा होई. परिणाम काय, तर जो तो आपली चूक झाकायच्या खटपटीत. रोकड जुळेपर्यंत आठ वाजत आणि घरी पोळ्या खोळंबत.

याबाबतीत एमी एडमंडसन या अमेरिकन बाईंची पाहणी वाचण्यासारखी आहे. रुग्णालयांच्या निरनिराळ्या विभागांत औषधे देताना होणाऱ्या चुका त्यांनी तपासल्या. जिथे परिचारिकांचा आपसात मेळ चांगला, तिथे चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे निघाले उलटे! चांगल्या विभागांत चुकांची नोंद जास्त. खोलात गेल्यावर कळले, की तिथे चुका जास्त होत होत्या असे नव्हे. तिथे त्या मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. धाकाच्या विभागांत त्या दडवल्या जात. 1996 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. दडवलेली चूक कुणाला सुधारता येत नाही, आणि रुग्णालयात तर गाठ जिवाशी असते.

नव्याने लागलेल्या बाईने सगळी कचेरी बदलावी, असे मी म्हणणार नाही. ते तिच्या हातात नाही. पण आपल्या टेबलापुरती रीत आपल्या हातात असते. मैत्रिणीने एकदा एक रक्कम भलत्याच खात्याला लावली होती. तासाभरात तिच्याच लक्षात आले. संध्याकाळची वाट न पाहता तिने शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगितले. दहा मिनिटांत नोंद दुरुस्त झाली. आठवड्याने त्याच बाई हळूच हिच्याकडे आल्या, "जरा बघता का, माझा आकडा चुकलाय." साहेबांचा आवाज अजून चढतो, पण त्या दोन टेबलांवर तरी आता झाकपाक नाही. राजीनामा बारगळला आणि फीचा पहिला हप्ता वेळेवर भरला गेला.

हे सगळे वाचून नोकरी न करणारी एखादी म्हणेल, आमचा याच्याशी काय संबंध? आहे ना! आपले स्वयंपाकघरही एक कचेरीच की. नवी सून येते, तेव्हा तिला ओट्याशी उभी करून कोथिंबीर चिरायला दिली, तर फोडणी कधी घालायची, आमटीला उकळी किती येऊ द्यायची, हे ती बघता बघता उचलते. तिला मागच्या अंगणात भांडी विसळायला बसवली आणि वर्षाने म्हटले, "हिला काही येत नाही," तर दोष कुणाचा? तीच गोष्ट आमटीत मीठ जास्त पडल्याची. तिने लगेच सांगितले तर दोन बटाटे आणि वाटीभर पाणी घालून निभावता येते. सांगायची भीती वाटली, तर ते कळणार पानावर, पाहुण्यांसमोर!

तेव्हा नव्या नोकरीवर जाणाऱ्या मैत्रिणींनो, एवढे करा. एक लहान वही पर्समध्ये ठेवा आणि रोज कळलेल्या दोन नव्या गोष्टी घरी येऊन लिहा. एकच प्रश्न चार जणांना विचारण्यापेक्षा, नीट उत्तर देणारे एक माणूस हेरा. शिपायाशी आदराने बोला. कोणता कागद कुठे अडतो हे पुष्कळदा त्यालाच ठाऊक असते. आणि तीन महिने होईपर्यंत राजीनाम्याचा विषय काढू नका. बाकी वर्षा-दोन वर्षांनी तुमच्याही टेबलापाशी कुणी नवखी येऊन टाचण्यांची डबी मागेल. तेव्हा तिला नुसती डबी देऊ नका, शेजारची खुर्चीही ओढून द्या.