पन्नास रुपयांत क्रूरता

परवा टपरीवर चहा पिताना एकाने झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीत काठी घातली. उगाचच! मी भांडलो, तर म्हणे, "जा, पोलिसात दे."

घरी येऊन कायदा वाचला आणि गप्पच झालो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. मारहाण, उपासमार, जादा ओझं... पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! नो पार्किंगला याहून जास्त पडतात राव.

ठार मारलं किंवा अपंग केलं तर भारतीय न्याय संहितेत ५ वर्षांपर्यंत कैद आहे. पण तोवर थांबायचं का?

२०२२ मध्ये केंद्राने शिक्षा वाढवणारा मसुदा लोकांपुढे मांडला होता. असले बदल संसदेत मंजूर व्हायलाच हवेत. साठ वर्षांपूर्वीचा कोड आपण तरी चालवतो का? मी खासदारांना मेल टाकलाय. तुम्हीही टाका.