मासा तव्यावरच का?

आमच्याकडे मासा म्हणजे तव्यावर तळलेला. रव्याचा कुरकुरीतपणा मलाही आवडतो. पण नोकरीवरून आलेली बाई तुकडे उलटत उभी, बाकीचे गरम गरम खातात, आणि ती शेवटी एकटी जेवते. पैगंबर मुहम्मद (स.) घरकामात हात लावत, हे जुम्म्याच्या बयानात ऐकणाऱ्या पुरुषांनी निदान एवढं शिकावं. घोळ किंवा जिताड्याचे बिनकाट्याचे तुकडे टिपून कोरडे करायचे (नाहीतर पाणी सुटतं). मीठ, हळद, तिखट, लसूण, लिंबू, तेल चोळायचं. केकपुरता आणलेला ओव्हन बऱ्याच घरांत आहेच. तो तापवून २०० अंशांवर इंचभर जाड तुकडा १२ ते १५ मिनिटांत होतो. चमच्याने दाबल्यावर पाकळ्या सुटल्या की काढायचा. तेवढ्यात दस्तरखान अंथरायचं, तिलाही बसवायचं. कुरकुरीतपणा जातो, मान्य. रविवारी खुशाल तळा, पाळीपाळीने.