मोटर कुणीकडे फिरली?

कारखान्यातल्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरच्या वाट्याला येणाऱ्या कामांत सर्वांत आनंदाचं काम म्हणजे नवं यंत्र चालू करून देणं. त्याच्या खालोखाल, बंद पडलेल्या यंत्रातला दोष शोधणं. दुर्दैव असं की छत्रपती संभाजीनगरातल्या अनेक तरुण इंजिनिअरांना यातलं पहिलं काम नुसतं लांबून बघायला मिळतं.

केबल ओढून झालेल्या असतात, पॅनेल उभं असतं. आधी मेगर लावून मोटरचं इन्सुलेशन तपासायचं. कपलिंग सोडून मोटर मोकळी करायची. मग स्टार्टचं बटण क्षणभर दाबून सोडायचं आणि सगळ्यांनी शाफ्टकडे बघायचं. उलटी फिरली, तर वीज बंद करून, स्विचला कुलूप घालून तीनपैकी दोन फेजच्या तारांची अदलाबदल करायची. हे पुस्तकात चार ओळींत संपतं. प्रत्यक्षात, सरळ फिरलेली ती पहिली मोटर इंजिनिअर वर्षानुवर्षं विसरत नाही.

पैठणला तर उलटं फिरणं हेच कामाचं आहे. जायकवाडीचं 12 मेगावॉटचं जलविद्युत यंत्र पाणी खाली येताना वीज बनवतं आणि तेच उलटं चालवून पाणी पुन्हा धरणात चढवता यावं, अशी त्याची रचना आहे.

दोष शोधण्याची गंमत वेगळी. रात्रपाळीत लाइन थांबते, ओव्हरलोड रिले पडलेला असतो. रिसेट केला की चालते, थोड्या वेळाने पुन्हा ट्रिप. टंग टेस्टर लावला की एका फेजचा करंट कमी दिसतो. ड्रॉइंगवर बोट ठेवून मागे मागे जात गेलं की कॉन्टॅक्टरचा जळका कॉन्टॅक्ट सापडतो. तोवर सुपरवायझर तीनदा येऊन गेलेला असतो.

वीज वाचवण्याचं कामही कमी रसाचं नाही. ब्लोअरचा वेग ड्राइव्हने वीस टक्के उतरवला, तर हिशेबाने वीज जवळपास निम्मीच लागते, कारण शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. मीटरवर ते दिसतं.

1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, पुढे शेंद्र्यात स्कोडा आली. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तर 1960 पासून इथे आहे. म्हणजे शिकलेले हात या शहरात पुष्कळ आहेत. तरीही बाहेरून आलेला चमू यंत्र चालू करून निघून जातो आणि पुढचं प्रत्येक ब्रेकडाऊन स्थानिकांच्या गळ्यात पडतं, हे बरोबर नाही. शिकण्याचा खरा काळ यंत्र चालू होतानाचाच असतो.

शहराजवळच्या बिडकीन औद्योगिक क्षेत्रात कारखाने उभारणाऱ्यांनी यंत्राचा करार करतानाच लिहून घ्यावं: चाचणीच्या पहिल्या दिवसापासून कारखान्याचे दोन स्थानिक इंजिनिअर आणि आयटीआयचा एक शिकाऊ उमेदवार सोबत काम करतील, आणि पाहुणे जाताना ड्रॉइंग व प्रोग्रॅमची प्रत त्यांच्या हाती देऊन जातील.