हरणाऱ्या घोड्याचं गणित

शर्यतीत ज्या घोड्यावर सगळ्यात जास्त भरवसा, तो फेव्हरिट. ब्रिटनमधल्या शर्यतींचा ढोबळ हिशेब सांगतो की तीनातला एखादाच फेव्हरिट जिंकतो. मग सरळ त्याच्या हरण्यावरच पैसे लावले तर? टेलिग्रामवर ‘सिस्टिम’ विकणाऱ्यांची सगळी दुकानदारी या एका प्रश्नावर चालते. घोडा हरेल म्हणून पैसे लावणं म्हणजे ‘ले’ करणं. २००० साली इंग्लंडमध्ये बेटफेअर हे एक्सचेंज आलं आणि कुणालाही बुकीच्या खुर्चीत बसता यायला लागलं. आपल्याकडे क्रिकेटच्या सट्ट्यात ‘लगाई’ आणि ‘खाई’ म्हणतात ना, त्यातली ही खाई. (मराठीत खाईचा अर्थ वेगळा आहे, पण ते असो.)

तीनदा खेळा, दोनदा जिंका. ऐकायला भारीच वाटतं! पण भाव कुणी बघायचा?

समजा फेव्हरिटचा भाव ३ आहे. म्हणजे समोरच्याने १०० रुपये लावले आणि घोडा जिंकला, तर त्याला त्याचे १०० धरून ३०० मिळणार. त्यातले वरचे २०० तुमच्या खिशातून. घोडा हरला तर तुम्हाला १००. तीन शर्यतींत दोनदा १०० आले, एकदा २०० गेले. हातात शून्य. वर एक्सचेंज प्रत्येक जिंकलेल्या शर्यतीवर कमिशन कापणार. ते ५ टक्के धरलं तरी तीन शर्यतींत १० रुपये गेले. फेव्हरिट तीनात एकदा जिंकतो हे तुम्हालाच कळलंय आणि बाजाराला नाही, असं थोडंच असतं? ते त्या भावातच बसलेलं असतं.

उलट, रेसच्या अभ्यासकांना अनेक दशकं दिसत आलेली गोष्ट अशी की लोक भलत्याच लांबच्या भावाच्या घोड्यांवर गरजेपेक्षा जास्त पैसे उधळतात आणि फेव्हरिटवर त्या मानाने कमी. म्हणजे विरोधात जायला आपण शोधून शोधून घोडा निवडला तोही नेमका चुकीचा.

‘पण बुकी तर कमावतातच की!’ कमावतात ना. बुकी भाव स्वतः ठरवतो, त्यात आपला नफा आधीच घालतो आणि सगळ्या घोड्यांवरचे पैसे घेतो. तुम्ही बाजारात मिळेल त्या भावाला एकच घोडा घेऊन बसता. खुर्ची तीच, धंदा वेगळा.

खरा खेळ पुढे आहे. सिस्टिमवाले म्हणतात, हरलात तर पुढच्या शर्यतीत रक्कम वाढवून वसूल करा. करून बघू. पहिल्यांदा २०० गेले. ते काढून वर १०० हवेत, म्हणून ३०० चा ले. गेले तर ६००. मग ९०० चा. गेले तर १८००. मग २७०० चा. गेले तर ५४००. लागोपाठ चार फेव्हरिट जिंकले की एकूण ८००० रुपये साफ. हॉस्टेलच्या दोन-तीन महिन्यांच्या मेसचे पैसे, राव! असं ८१ वेळांत सरासरी एकदाच होतं, बाकी ८० वेळा १०० रुपये मिळतात. ८० गुणिले १०० किती, ते तुम्हीच सांगा. शून्य पुन्हा शून्यच, आणि कमिशन वेगळं. फक्त या वेळी ते शून्य ८० स्क्रीनशॉटांच्या मागे लपलंय. आणि ब्रिटनमध्ये एकेका दिवसात डझनावारी शर्यती होतात, त्यामुळे ८१ चा आकडा गाठायला वर्ष लागत नाही.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केलाच आहे. पण मला कायद्यापेक्षा या विक्रेत्यांचा राग जास्त येतो. सिस्टिम इतकी चालते, तर महिन्याची फी घेऊन ती आपल्याला का विकायची? त्यांची कमाई घोड्यावर नाही, आपल्या वर्गणीवर आहे. कुणी ८० हिरव्या आकड्यांचा स्क्रीनशॉट दाखवलाच, तर त्याला एवढंच विचारा, त्यातल्या प्रत्येक बेटला धोक्यात किती होते, तो रकाना कुठाय?