मैदान जपले तरच खेळ टिकेल

प्रिय विद्यार्थी मित्रांनो, पालक बंधू-भगिनींनो आणि माननीय विश्वस्त मंडळी,



होळकर स्टेडियम तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. पण इंदूरचे जुने नेहरू स्टेडियम? निवडणुकीची मतमोजणी होते ती जागा, एवढीच त्याची ओळख मुले सांगतात. याचे आम्हाला वाईट वाटते.

१ डिसेंबर १९८३ रोजी येथे भारत व वेस्ट इंडीज यांचा एकदिवसीय सामना झाला. त्याच वर्षी आपण विश्वचषक जिंकला होता. तेव्हा आम्ही हिंदी शाळेचे विद्यार्थी. रेडिओवरची हिंदी कॉमेंट्री आम्हाला तोंडपाठ असे. ३१ मार्च २००१ रोजी याच मैदानावर सचिन तेंडुलकर यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध १३९ धावा काढल्या आणि एकदिवसीय क्रिकेटमध्ये १०,००० धावा करणारे ते जगातील पहिले फलंदाज ठरले.

पण त्याआधीचा एक दिवसही विसरू नये. २५ डिसेंबर १९९७ रोजी श्रीलंकेविरुद्धचा सामना अवघ्या तीन षटकांनंतर थांबवावा लागला. खेळपट्टी खेळाडूंना धोकादायक ठरली होती. प्रेक्षक आले होते, दोन्ही संघ आले होते. मातीच तयार नव्हती.

आम्हाला यातून एक गोष्ट उमगली. मैदान मोठ्या दिवसासाठी सजवून चालत नाही, ते रोज जपावे लागते. कर्नल सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांच्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९४६ मध्ये याच इंदुरात म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या, एकाच डावात सहा शतके! असे यश एका दिवसात येत नाही. त्यामागे वर्षानुवर्षे मैदानावर गाळलेला घाम असतो.

हे आज सांगण्याचे कारण आहे. शाळेच्या अर्ध्या मैदानावर वाहनतळ करावा, अशी सूचना पुढे आली आहे. पालकांची अडचण आम्ही जाणतो. शाळा सुटताना फाटकाशी होणारी गर्दी आम्हीही रोज पाहतो. तरी विश्वस्तांना आमची नम्र विनंती, दुसरा मार्ग शोधावा. गाड्यांना जागा इतरत्र मिळेल, पण एकदा फरशी घातलेल्या मैदानावर पुन्हा माती येत नाही.

आणि मुलांनो, मैदान वाचवायचे तर त्यावर रोज खेळा. रिकामे मैदान सर्वांच्या डोळ्यांत भरते.

आपला स्नेहांकित,
मुख्याध्यापक