खर्जाचा हिशेब

माझा भाचा कॅनडाला निघाला तेव्हा त्याच्या सामानात न मावलेल्या दोन वस्तू आमच्या घरी आल्या. एक प्रेशर कुकर आणि दुसरी बेस गिटार. कुकर सौभाग्यवतींनी दुसऱ्याच दिवशी कामाला लावला. गिटार मात्र सहा महिने कपाटामागे उभी होती. ‘मामा, तू वाजव ना. तुला आता काय काम आहे?’ असे तो फोनवर म्हणाला. बँकेतून निवृत्त झालेल्या आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला काम नसते, हा आमच्या नात्यागोत्यातला सर्वमान्य सिद्धांत आहे. असो.

वाद्य मोठे चमत्कारिक. रंग सोनेरी, अंगावर व्हायोलिनला असतात तशी दोन भोके. आतून पोकळ, पण घोडीखाली लाकूड भरीव. म्हणजे धड पोकळ नाही, धड भरीव नाही. चार जाड तारा. पट्टा गळ्यात अडकवला की खुंट्यांकडची बाजू जमिनीकडे झुकते. डाव्या हाताने सूर धरायचा की दांडी सावरायची, हेच कळत नाही. शिवाय एक खटका, त्यावर आकडे ५०, २५० आणि ५००. मी बँकवाला. मनात आले, अडीचशेची नोट कधी निघाली होती? त्या खटक्याने आवाजाची जात बदलते, हे समजायला मला पंधरा दिवस लागले.

या अर्धपोकळपणाला इतिहास आहे. लेस पॉल नावाच्या अमेरिकन वादकाने १९४०च्या सुमारास न्यूयॉर्कला एपिफोनच्या कारखान्यात, रविवारच्या सुट्टीत, एका चौकोनी ओंडक्याला तारा लावून वाजवून पाहिले. आवाज उत्तम, पण ओंडका पाहून लोक खूश होईनात. मग त्याने दोन्ही बाजूंना गिटारीचे पोकळ पंख डकवले आणि त्याच वाजवण्याला टाळ्या मिळाल्या, असे तो पुढे सांगत असे. मधे भरीव आणि बाजूंनी पोकळ अशा गिटारी गिब्सन कंपनीने १९५८ साली बाजारात आणल्या, त्यांत बेसही होता. माझ्याकडची गिटार त्याच घराण्यातली. १९७०च्या दशकात लेस पॉलच्या नावाने निघालेला एक बेस फारसा खपला नाही, बंद पडला. जेफरसन एअरप्लेनच्या जॅक कॅसेडीला मात्र त्याचा आवाज आवडला. त्याच्या आग्रहावरून आणि त्याच्या नावाने एपिफोनने १९९७ साली तो नव्याने काढला.

भरीव गिटारीची तार छेडली की सूर लांबतो. पोकळ अंगाची पाटी तारेबरोबर स्वतःही हलते, तारेतली शक्ती थोडी पिऊन टाकते. म्हणून सूर गोल येतो आणि लवकर विरतो. आवाज फार वाढवला तर अ‍ॅम्प्लिफायरचा नाद पुन्हा पाटीला हलवतो, पाटी तारेला, आणि एखाद्या पिसाळलेल्या भोंग्यासारखे ‘घूंऽऽ’ सुरू होते. सर्वांत वरच्या तारेवर सहाव्या पडद्यापाशी सूर उमटतो न उमटतो तोच मरतो. मला वाटले, हात वाईट. नंतर कळले की तो अवगुण कितीतरी बेस गिटारींत असतो. तिथे दांडीच तारेची शक्ती खाते. आता मी तो सूर दुसऱ्या तारेवर घेतो. वाद्याच्या खोडी अशाच सांभाळायच्या असतात, संसारातल्यासारख्या.

सर्वांत खालच्या तारेची सेकंदाला सुमारे ४१ कंपने. ती कानापेक्षा पोटाला आधी कळतात. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ‘तुमच्याकडे गाणं ऐकू येत नाही, पण आमची भांडी वाजतात.’ बेस गिटारीची याहून नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही.

आणि इथेच मला एक जुने प्रकरण आठवू लागले. १९९०च्या दशकात मी गोव्यातल्या एका शाखेत कर्ज विभाग पाहत होतो. लग्नांतून बेस वाजवणारा एक गृहस्थ अर्ज घेऊन आला. बोटीवरून परतलेल्या एका तारवट्याकडची गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याला घ्यायचे होते. मी विचारले, ‘तुमचं वाद्य तर कुणाला ऐकूच येत नाही, मग त्याला पैसे कोण देणार?’ तो हसला. म्हणाला, ‘साहेब, एकदा लग्नाला या. मी मधेच थांबतो. लोकांचे पाय बघा.’

मी गेलो नाही. शेरा मारला, ‘प्रस्ताव उत्पादक स्वरूपाचा नाही.’ त्याच टेबलावरून मी शिलाई यंत्रांना, रिक्षांना, म्हशींना कर्जे दिली होती. म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला असे, तेवढा तपासला की आम्ही निर्धास्त. गिटारीला कान नव्हता. ज्या गोव्याच्या वादकांनी मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद उभा केला, त्यांच्याच गावात बसून मी हे केले. नियमात बसत नव्हते, हे खरे. पण बसवण्याचा प्रयत्नही मी केला नाही, हेही खरे. कारागिराचे हत्यार म्हणून वाद्याला कर्ज मिळायला हवे, हे माझे मत आज आहे. तेव्हा असते तर त्याचा काही उपयोग झाला असता.

घरोघरीही आपण तसेच शेरे मारतो. मुलाला कीबोर्ड आणायचा तो गॅदरिंगसाठी, गाणे शिकवायचे ते टीव्हीवरच्या स्पर्धेसाठी. मागे उभे राहून दुसऱ्याला धरून ठेवणारे वाद्य शीक, असे कुठल्या आईबापांनी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. मीही माझ्या मुलीला म्हटले नाही.

शेजारच्या अकरावीतल्या मुलाकडे गिटार आहे. गेल्या रविवारी तो आमच्या दिवाणखान्यात गात बसला होता आणि मी कोपऱ्यात स्टुलावर बसून त्याच्यामागे तीनच सूर फिरवत होतो. त्याचे माझ्याकडे लक्षही नव्हते. दुसऱ्या कडव्यात मी मुद्दाम हात उचलला. तो दोन ओळी तसाच गायला, मग अडखळला आणि मागे वळून म्हणाला, ‘काका, काय झालं?’