जुन्या गाण्यांचा आवाज खाली-वर का होतो?



घरातल्या तरुण मुलाने मोबाइलवर जुनी इंग्रजी रॉक गाणी लावली की एक प्रकार हमखास घडतो. पहिले गाणे इतके बारीक येते की तो बटण दाबून आवाज वाढवतो. तोवर दुसरे सुरू होते आणि एकदम अंगावर येते. तिसऱ्यात गायकाचा आवाज एकाच कानात, चौथ्यात नुसती खरखर. स्वयंपाकघरातून आई ओरडते, ‘‘अरे, ते आधी कमी कर!’’ मुलगा मोबाइलला दोष देतो, आई मुलाला. खरे पाहता दोष दोघांचाही नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे गाणे आपल्या कानापर्यंत येताना अनेक यंत्रांतून आणि अनेक हातांतून जाते. प्रत्येक ठिकाणी त्याचा आवाज थोडा बदलतो. हा बदल कसा होतो, हे एकदा नीट समजून घेऊ या. कारण त्याचा संबंध नुसत्या गाण्याशी नाही, आपल्या मुलांच्या कानांशीही आहे.

रॉक संगीत अमेरिकेत १९५० च्या दशकात पुढे आले. त्याची मुळे तिथल्या कृष्णवर्णीय कष्टकरी माणसांच्या ब्लूज गाण्यांत आणि चर्चमधल्या गॉस्पेल गायनात आहेत. यातली बरीच गाणी मोठ्या कंपन्यांच्या भव्य दालनांत मुद्रित झाली नाहीत. मेम्फिस शहरात सॅम फिलिप्स यांनी १९५० साली एका लहानशा जागेत ध्वनिमुद्रण सुरू केले. तिथे १९५१ साली ‘रॉकेट ८८’ हे गाणे मुद्रित झाले. तबकडीवर नाव जॅकी ब्रेन्स्टन यांचे होते, वाजवणारा संच आयक टर्नर यांचा. वाटेत गिटारचा अँप्लिफायर बिघडला, तेव्हा त्याच्या स्पीकरमध्ये कागद कोंबून काम भागवले, अशी हकीकत सांगतात. त्यामुळे गिटारचा आवाज फाटका, गुरगुरल्यासारखा आला. पुढे हाच फाटका आवाज रॉकची ओळख बनला. इतका, की तो मुद्दाम काढता यावा म्हणून वेगळी उपकरणे निघाली!

न्यू ऑर्लिन्स शहरात कोसिमो मटासा यांच्या छोट्या स्टुडिओत १९५५ साली लिटल रिचर्ड यांनी ‘टुटी फ्रुटी’ गायले. त्या काळी अशा ठिकाणी माइक मोजकेच असत. ज्याचा आवाज मोठा त्याने मागे उभे राहायचे, ज्याचा लहान त्याने पुढे यायचे. सगळ्यांनी एकदमच वाजवायचे. एकाचे चुकले तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. नंतर कुणाचा आवाज वेगळा काढून वाढवण्याची सोय नव्हती. म्हणून अशा गाण्यांत ड्रम दूर, तर सॅक्सोफोन अगदी कानाजवळ वाटतो. याला दोष म्हणण्याआधी, त्या खोलीत कोण कुठे उभे होते तेच आपण ऐकतो आहोत, हे लक्षात घ्यावे.

दुसरी पायरी तबकडीची. १९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला सव्वातेहेतीस फेऱ्या घेणारी मोठी तबकडी आणली, असे ढोबळपणे सांगतात. नेमका आकडा ३३ पूर्णांक एक तृतीयांश. पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची लहान तबकडी काढली. तबकडीवर आवाज म्हणजे एक नागमोडी खाच असते. आवाज जितका मोठा, तितकी खाच जास्त वळते आणि जास्त जागा खाते. शेताला जसा बांध, तसे शेजारच्या दोन खाचांत अंतर ठेवावेच लागते. म्हणजे एका बाजूला गाणी जास्त बसवायची तर आवाज कमी ठेवायचा, आणि आवाज मोठा हवा तर गाणी कमी घ्यायची. ढोलासारखा खालचा आवाज तर फारच जागा खातो. म्हणून तबकडी कापताना तो दाबून ठेवत आणि वाजवणाऱ्या यंत्रात पुन्हा उचलत. तबकडीच्या मध्याकडे जावे तसा फेरीचा घेर लहान होतो, त्यामुळे शेवटच्या गाण्यात बारीक आवाज धूसर होतात.

लहान तबकड्या हॉटेलातल्या नाणे टाकून वाजणाऱ्या यंत्रांत आणि रेडिओवर वाजत. शेजारच्या गाण्यापेक्षा आपले उठून दिसावे म्हणून त्या जमेल तितक्या मोठ्या आवाजात कापल्या जात. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत तर गाणे मोटारीतल्या रेडिओसारख्या लहान स्पीकरवर वाजवून पारखले जाई. कारण गिऱ्हाईक ते तिथेच ऐकणार होते. आता विचार करा, अशी एका काळची लहान तबकडी आणि दुसऱ्या काळची मोठी तबकडी, दोन्हींतली गाणी एकाच संग्रहात एकामागून एक घातली, तर आवाज सारखा कसा राहील?

एकाच कानात गाणे येण्याचा प्रकारही असाच. बीटल्सच्या ‘प्लीज प्लीज मी’ या पहिल्या मोठ्या तबकडीतली १४ पैकी १० गाणी लंडनमध्ये ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात मुद्रित झाली. टेपवर दोनच पट्टे होते. साधारणपणे एका पट्ट्यावर वाद्ये आणि दुसऱ्यावर गळे. नंतर दोन्हींचा मेळ घालून एकच आवाज करता यावा, हा हेतू. त्याला मोनो म्हणतात आणि तेव्हा बहुतेक घरांत तेच यंत्र होते. स्टिरिओ तबकडी काढताना मात्र एक पट्टा डावीकडे, एक उजवीकडे गेला. म्हणून आज दोन भावंडांनी इअरफोनचे एकेक टोक कानात घातले, तर एकाला जवळजवळ नुसती वाद्ये आणि दुसऱ्याला जवळजवळ नुसते गाणे ऐकू येते! १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ पर्यंत चार पट्टे आले, पण बीटल्सचे लक्ष तेव्हाही मोनोच्या कामावरच होते.

शिवाय प्रत्येक देशातली प्रत निराळी. आपल्याकडे बीटल्सच्या तबकड्या कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात निघत. अमेरिकेत कॅपिटॉल कंपनीने त्यांच्या काही गाण्यांना जादा घुमारा लावला. गाणे तेच, आवाज मात्र वेगळा. टेपवरून टेप काढली की दर खेपेला खरखर वाढते, ती आणखी निराळी.

मग १९८२ साली सीडी आली. खरखर गेली, खाचेची अडचणही गेली. पण सीडीत आवाज आकड्यांत लिहिला जातो आणि त्याला एक ठरलेले छत असते. त्यापुढचा आकडाच नाही. सुरुवातीला जुनी गाणी सीडीवर घेताना छतापासून बरीच जागा सोडत. शिवाय कित्येकदा मूळ टेपऐवजी तबकडीसाठी केलेली टेप वापरली जाई. म्हणून १९८० च्या दशकातल्या सीडी बारीक वाजतात. १९९० नंतर कंपन्यांत चढाओढ लागली, कुणाची सीडी जास्त मोठी वाजते याची. छत तर वाढवता येत नाही. मग काय केले? लहान आवाज उचलले आणि मोठे आवाज दाबले.

शाळेतला वर्गाचा फोटो डोळ्यांसमोर आणा. सगळ्यांची डोकी एका ओळीत यावीत म्हणून बुटक्या पोराला स्टुलावर चढवले आणि उंच पोराला वाकायला लावले. फोटो भरगच्च दिसेल. पण कोण उंच, कोण बुटका, हे कळेल का? गाण्याचे तसेच झाले. कुजबुजही मोठी आणि आरोळीही तेवढीच मोठी. मग आरोळीचा धक्का बसायचा कसा?

‘रॉ पॉवर’ या स्टूजेस संचाच्या १९७३ सालच्या तबकडीचे उदाहरण बोलके आहे. तिच्या बहुतेक गाण्यांतला आवाजाचा मेळ डेव्हिड बोवी यांनी घातला होता. तो पातळ वाटतो, अशी तक्रार होती. १९९७ साली गायक इगी पॉप यांनी स्वतः नवा मेळ घातला आणि आवाज इतका चढवला की तो फाटू लागला. काहींना तो जोश आवडला, काहींचे कान दुखले. २०१० साली बोवींचा जुना मेळ पुन्हा बाजारात आणावा लागला. मेटालिकाच्या २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’च्या वेळी तर हजारो चाहत्यांनी सह्या करून आवाज पुन्हा नीट करून मागितला. कारण हीच गाणी एका व्हिडिओ खेळात कमी दाबलेली होती आणि ती जास्त मोकळी वाटत होती. फरक लोकांना उघड कळला.

मग कंपन्या असे का करतात? कारण आपला कान फसतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली दाखवून दिले की लहान आवाजात आपल्याला ढोलासारखे खालचे स्वर कमी ऐकू येतात. आवाज थोडा वाढवला की तेच गाणे भरीव वाटते. म्हणजे दोन प्रती ऐकताना जी किंचित मोठी वाजते, तीच आपल्याला चांगली वाटते. दुकानदार भाजीवर पाणी मारून ती ताजी दाखवतो ना, तसलाच हा प्रकार.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १ जून २००८ रोजी हॉलिवूडजवळच्या युनिव्हर्सल स्टुडिओला आग लागली. तिथे मूळ टेपांचा साठा होता. चक बेरी, मडी वॉटर्स अशा कलावंतांच्या टेपा त्यात गेल्याचे वृत्त न्यूयॉर्क टाइम्सने २०१९ साली दिले. नुकसान किती झाले यावर कंपनीने वाद घातला. मूळ टेप गेली की उरते ती प्रत आणि प्रतीची प्रत. म्हणून एखादे जुने गाणे खरखरत असेल तर नाक मुरडू नका. कदाचित त्या माणसाचा आवाज पोचण्याची तेवढीच एक वाट उरली असेल.

आता घरापुरते काय करायचे ते पाहू.

पहिले, मोबाइलमधल्या गाण्याच्या ॲपच्या सेटिंगमध्ये आवाज समान ठेवण्याची सोय पाहा. तिला बहुधा नॉर्मलायझेशन म्हणतात. ती गाण्याचा सरासरी आवाज मोजून मोठी गाणी खाली आणते. गाण्याच्या आतला चढ-उतार तसाच राहतो. त्यामुळे दाबून मोठ्या केलेल्या गाण्याचा जादा डौलही उतरतो.

दुसरे, ‘रीमास्टर’ असा शब्द दिसला म्हणजे प्रत सुधारलीच, असे समजू नका. दोन प्रती सारख्या आवाजावर आणा आणि मग तुलना करा.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे. बारीक गाण्यासाठी वाढवलेला आवाज पुढच्या गाण्यात थेट कानात आदळतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबलचा फक्त ४ तास. मोबाइलचा आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेवावा, असाही तिचा सल्ला आहे. आपल्यातले कितीतरी जण कारखान्यात, वर्कशॉपमध्ये, रस्त्याच्या कामावर दिवसभर घणघणाट सोसतात. त्यांच्या कानांचा वाटा कामावरच खर्च झालेला असतो. बसमध्ये, लोकलमध्ये गोंगाटावर मात करायला आवाज आणखी वाढवला, तर नुकसान ठरलेलेच. कानातल्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

तेव्हा आईवडिलांनो, मुलांना गाणी ऐकू द्या. जगाचे संगीत त्यांनी जरूर ऐकावे. फक्त आवाज वाढवण्याआधी घरातला पंखा, टीव्ही, बडबड थोडी कमी करून पाहायला सांगा. बारीक गाणेही मग स्वच्छ ऐकू येते. आणि त्यातली मागची ड्रमची थाप, गायकाने घेतलेला श्वास, हेही कळू लागते.